कुठल्या देशाच्या शेअर बाजारात पैसे घालावेत?

वारजेवाली
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
आमचं दोघांचं मिळून जे काही साठलंय ते म्हणजे एक फ्लॅट (हप्ते संपले एकदाचे), पीएफ, थोडं सोनं, एक चार लाखांची एफडी आणि बारा वर्षं चालू असलेल्या तीन एसआयपी, सगळ्या भारतातल्याच. परवा कोथरूडला भावाकडे जेवायला गेलो होतो तर भाचा म्हणाला, आत्या, तुझं घर, पगार, पीएफ, शेअर सगळं एकाच देशात आणि एकाच चलनात आहे, आज्जीची मांडणी पडली होती आठवतंय ना, एक खिळा निघाला आणि सगळी पितळी भांडी खाली. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.
तर १०-१५ टक्के बाहेर न्यावेत असं ठरलंय, पण कुठल्या देशात? भाचा म्हणतो अमेरिका आणि फक्त अमेरिका. नवरा म्हणतो जपान, कारण त्याच्या मते जपानी माणूस फसवत नाही. समोरचे काका म्हणतात चीन स्वस्त आहे. ती एफडी मोडता येईल आणि दरमहा १० हजार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनसाखरेचा
अमेरिका. धागा संपला.

कोपऱ्यातला
चुरमुरे घेऊन बसलोय.

आकडेमोड
@बिनसाखरेचा, इतक्यात संपवू नका.
अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक २००० च्या मार्चमध्ये ५०४८ ला होता, तो आकडा परत दिसायला २०१५ चा एप्रिल उजाडला. आणि आपण रुपयात मोजतो, तर त्याच काळातलं डॉलरचं बघा, २००२ मध्ये ४८-४९ रुपये होता तो २००८ च्या सुरुवातीला ३९ वर आला होता. म्हणजे भारतात बसून अमेरिकेत पैसे घातलेल्या माणसाला शेअरनेही मारलं आणि चलनानेही. त्याच पाच वर्षांत इकडे सेन्सेक्स ३ हजारावरून २१ हजारावर. तेव्हा कुणी 'अमेरिका, धागा संपला' म्हणलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आज उलटं आहे, म्हणून सगळ्यांना अमेरिका दिसतेय. देश निवडताना आपण बहुतेक वेळा मागच्या दहा वर्षांचा निकाल वाचत असतो आणि त्याला अभ्यास म्हणतो.

बिनसाखरेचा
पण २००५ ला डॉलर ४४ होता आणि २०२५ च्या डिसेंबरात नव्वदी ओलांडली. वीस वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के नुसतं बसल्या जागी. हे कोण सोडतं?

आकडेमोड
मान्य. पण ते सरळ रेषेत मिळत नाही एवढंच म्हणतोय.

टोकियोतला_पुणेकर
जपानचा विषय निघालाय म्हणून लिहितो, बरीच वर्षं इथे आहे.
इथला निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ ला बंद झाला होता. तो आकडा ओलांडला २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं. त्या दिवशी ऑफिसातल्या टीव्हीवर आकडा झळकला, तर माझ्या शेजारी बसणारे साहेब, निवृत्तीला आलेले, उठून उभे राहिले, टीव्हीकडे पाहिलं आणि परत खाली बसले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना म्हणाले, माझ्या वडिलांनी ८९ साली घेतले होते, वडील २०११ ला गेले.
८९ साली हाच देश जगातला सगळ्यात मोठा शेअर बाजार होता बरं का. तेव्हा अशा चर्चेत सगळे 'जपान, धागा संपला' म्हणत असणार.
आणि जपानी लोक आज काय करतायत? २०२४ च्या जानेवारीपासून इथे सरकारने करमुक्त गुंतवणुकीचं खातं (निसा म्हणतात) मोठं केलं, तर माझ्या टीममधल्या पोरांनी काय घेतलं असेल? 'ओरुकान'. म्हणजे ऑल कंट्रीचं जपानी लाडकं नाव, अख्ख्या जगाचा फंड, ज्यात साठ टक्क्यांच्या आसपास अमेरिकाच असते. तुमच्या मिस्टरांना सांगा, जपानी माणूस फसवत नाही हे खरं, पण तो स्वतःच जपानमध्ये पैसे घालत नाहीये :)

आकडेमोड
छोटी भर, लाभांश धरला तर जपानची भरपाई चौतीसच्या काही वर्षं आधी झाली. निर्देशांकाचा आकडा लाभांश सोडून असतो. जर्मनीच्या डॅक्सचं उलट आहे, त्याचा जो आकडा बातम्यांत येतो त्यात लाभांश धरलेला असतो, त्यामुळे डॅक्स आणि निफ्टीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे व्हॉट्सॲप फॉरवर्ड सरळ उडवावेत.

टोकियोतला_पुणेकर
हो, बरोबर. पण येनचं पण सांगतो, ते कुणी धरत नाही. २०१२ मध्ये घरी पाठवलेल्या प्रत्येक १०० येनचे आईला साधारण ६५ रुपये मिळायचे. २०२४ च्या जुलैत ५२. पगार वाढूनही आई विचारायची, कापतायत का रे तुझे? निक्केई वर जाताना भारतातून पाहणाऱ्याचा नफा येनने असाच खाल्लाय.

सुखी_माणसाचा_सदरा
भारतात काय वाईट आहे पण? जगातली वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था सोडून म्हाताऱ्या देशांत कशाला पैसे घालायचे, हे मला कुणी समजावेल का.

मुठेकाठची
मी समजावते, स्वतःच्या पैशाने शिकलेय.
हाच विचार करून मी चीन घेतला होता. २०१८ च्या जानेवारीत, हाँगकाँगच्या हँगसेंगवाल्या फंडात. निर्देशांक तेव्हा ३३ हजारावर होता. चीन वाढतोय, कारखाने तिकडे, मोबाईल तिकडचा, अगदी गणपतीच्या माळापण तिकडच्या, मग शेअर वाढणारच ना! अर्थव्यवस्था वाढली की, खोटं नाही सांगत. पण २०२० च्या नोव्हेंबरात एका मोठ्या कंपनीची जगातली सगळ्यात मोठी शेअरविक्री दोन दिवस आधी थांबवली, २०२१ च्या जुलैत सरकारने शिकवणीवाल्या कंपन्यांना नफा कमवायलाच बंदी घातली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात हँगसेंग १५ हजाराच्या खाली. मी तेव्हा विकलं. अर्थात त्यानंतर चढलं, ते वेगळं सांगायला नको.
देश वाढणं वेगळं आणि शेअरवाल्याच्या हातात काही पडणं वेगळं. कंपन्या नवनवे शेअर काढत राहतात, आधीच्याचा वाटा पातळ होतो, आमटीत पाणी वाढवल्यासारखं. शांघायचा निर्देशांक २००७ च्या ऑक्टोबरात ६१२४ ला गेला होता, त्यानंतर त्या देशाची अर्थव्यवस्था कितीतरी पट झाली आणि निर्देशांक अजून तिथे पोचलेला नाही.

सुखी_माणसाचा_सदरा
भारतात असं होणार नाही.

मुठेकाठची
बरं.

कोपऱ्यातला
'बरं' वाचून गार पडलो.

निवृत्त_लेखापाल
मंडळी, देश कुठला हे ठरवण्याआधी पैसे कसे जाणार आणि कसे परत येणार ते बघा. शक्य तेवढं सोपं करून सांगतो.
रस्ते दोन. एक म्हणजे आपल्याकडच्या म्युच्युअल फंडाचा परदेशी फंड. रुपयात घ्यायचा, रुपयात विकायचा. पण सगळ्या फंड कंपन्यांना मिळून बाहेर न्यायला ७ अब्ज डॉलरचीच मुभा आहे, २००८ पासून तीच, ती भरली की फंड दार लावून घेतात. २०२२ च्या सुरुवातीला तसंच झालं. परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात विकत मिळणारे फंड) वेगळा १ अब्ज होता, तोही भरत आल्यावर २०२४ च्या एप्रिलपासून नवे पैसे घेणं थांबलं. त्यामुळे आज कुठला फंड उघडा आहे हे आधी बघावं लागतं आणि देशाची निवड पुष्कळदा तिथेच होऊन जाते!
दुसरा रस्ता म्हणजे स्वतः डॉलर पाठवायचे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली (बाहेर पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेत तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर.

बिनसाखरेचा
टीसीएस कशाला विकायचा, चांगला शेअर आहे.

निवृत्त_लेखापाल
@बिनसाखरेचा, आमच्या कचेरीत तुमच्यासारखा एकजण होता. बदली झाली त्याची.
तर १५ लाख पाठवले तर वरच्या ५ लाखांवर एक लाख बँक कापून घेते. हा जादाचा कर नाही, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी. धागाकर्तीला याची झळ नाही, त्यांची रक्कमच लहान आहे.
करही बघा. परदेशी फंड किंवा शेअर दोन वर्षांहून जास्त ठेवला तर नफ्यावर साडेबारा टक्के. अमेरिकन कंपनीने लाभांश दिला तर २५ टक्के तिथेच कापून घेतात, तो इकडे वळता करून घ्यायला वेगळा फॉर्म भरायचा. आणि थेट अमेरिकन शेअर असलेल्या माणसाचं बरंवाईट झालं तर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर त्यांचा वारसा कर, ४० टक्क्यांपर्यंत. हे ॲपवाले सांगत नाहीत. आपल्या इथल्या फंडातून घेतलं की ही भानगड नाही.

हिंजवडी_फेज३
लेखापाल काकांना +१००. माझी कथा ऐका. अमेरिकन कंपनीत आहे, दरवर्षी थोडे शेअर मिळतात, पगारातून कर कापला जातो म्हणून मी निवांत. २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याचा मेसेज, तुमची परदेशात मालमत्ता दिसतेय, रिटर्नमध्ये दाखवलेली नाही. शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता! मला वाटलं चुकून आलाय. मग कळलं की एक शेअर असला तरी दाखवावा लागतो, तोही आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, जानेवारी ते डिसेंबर, प्रत्येक वेळी मिळालेले शेअर वेगळे, घेतल्या दिवशीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, सगळं स्टेट बँकेच्या त्या त्या दिवशीच्या दराने रुपयात. दिवाळी नुकतीच झालेली, बायको माहेरी, मी आणि एक्सेल. २३ ओळी झाल्या. ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरलं एकदाचं.
न दाखवल्याचा दंड १० लाख आहे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून एकूण २० लाखांच्या आतल्या मालमत्तेला (घर-जमीन सोडून) त्यातून सूट दिलीय. पण दाखवायचं असतंच. महिना दोन हजाराचे तुकड्या-तुकड्याने अमेरिकन शेअर घेणाऱ्यांनी हे वाचून घ्या, बारा महिन्यांच्या बारा ओळी होतात.

मुठेकाठची
वाखुसा (वाचनखूण साठवली).

टेकडीवाला
अवांतर: वेताळ टेकडीवर सकाळी साडेपाचला आमच्या ग्रुपमधले एक जण मोबाईलवर निक्केई बघत चढतात, तो आपल्या साडेपाचलाच उघडतो. संध्याकाळी सात-आठला अमेरिका उघडते तेव्हा कुकरची शिट्टी मोजायची वेळ. सगळ्या देशांत पैसे घालाल तर झोपाल कधी?

चाकणकर
एवढं लांब जायचंच कशाला. पुण्यातल्याच कंपन्या घ्या, त्या जगभर धंदा करतात. भारत फोर्ज मुंढव्याची, पण जर्मनी-स्वीडनमध्ये कारखाने. परसिस्टंट सेनापती बापट रोडची, गिऱ्हाईक अमेरिकेत. आकुर्डीच्या बजाजच्या मोटरसायकली आफ्रिकेत टॅक्सी म्हणून पळतात. डॉलरची कमाई, रुपयाचा शेअर, शेड्यूल एफए नाही, काही नाही.

आकडेमोड
कल्पना छान आहे, अर्धीच चालते. धंदा बाहेर असला तरी शेअरचा भाव इथल्या लोकांच्या मूडवर ठरतो. २००८ मध्ये सेन्सेक्स पडला तेव्हा निर्यातवाल्यांना कुणी वगळलं नव्हतं. मांडणी तीच, फक्त भांडं परदेशी.
उलटी गंमत सांगतो. मारुतीची बाजारातली किंमत तिच्या जपानी मालक कंपनीपेक्षा जास्त आहे, आणि त्या मालकाकडे मारुतीचे निम्म्याहून जास्त शेअर. म्हणजे टोकियोत सुझुकी घेतली तर नवरोबा जपानमध्ये गुंतवणूक केल्याच्या आनंदात आणि प्रत्यक्षात पैसे गुरगावात.

वारजेवाली
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. लेकीला मॅक्सम्युलर भवनला सोडून बाहेर गाडीत बसून वाचतेय. नवऱ्याला सुझुकीचं वाचून दाखवलं फोनवर, तो म्हणाला ठेव.
दोन प्रश्न. रशियाचं काय झालं होतं, भाचा काहीतरी शून्य म्हणत होता. आणि एकाच्या ऐवजी पाच-सहा देश थोडे थोडे घेतले तर? तैवान, कोरिया, व्हिएतनाम वगैरे.

निवृत्त_लेखापाल
रशिया: युद्ध सुरू झालं २०२२ च्या फेब्रुवारीत, बाजार बंद झाला, परदेशी माणसाला विकायला बंदी, आणि एमएससीआयने (जगभरचे शेअर निर्देशांक काढणारी कंपनी) मार्चमध्ये रशिया आपल्या निर्देशांकातून काढला तो शून्य भावाने. कंपनी होती, गॅस होता, नफाही होता, फक्त शेअर तुमचा राहिला नव्हता. १९१७ ला तिथे एकदा झालेलं होतंच. पैसे घालताना तिथून बाहेर पडायचं दार कुठे आहे ते आधी बघावं, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय आणि सगळे आधी टक्के विचारतात.

आकडेमोड
पाच-सहा लहान देश घेणं म्हणजे पुष्कळदा पाच-सहा कंपन्या घेणं. तैवानच्या निर्देशांकात एक तृतीयांशाहून जास्त एकटी चिप बनवणारी टीएसएमसी. कोरियात सॅमसंग. फिनलंडचा बाजार २००० साली सत्तर टक्के नोकिया होता! आणि नोकियाचं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे.
देश निवडायचाच नसेल तर अख्खं जग त्याच्या त्याच्या वजनाने घेणं हा एक मार्ग. आज त्यात अमेरिका साठीच्या आसपास, १९०० साली ब्रिटन सगळ्यात मोठा होता. तुम्ही न ठरवता तराजू आपोआप सरकत जातो. पण आपल्याकडे असा फंड उघडा मिळेल का, ते लेखापाल काकांनी सांगितलंच.

चाकणकर
ईटीएफ तर बाजारात रोज मिळतात की, तेच घ्यायचे.

हिंजवडी_फेज३
थांबा!! तीच चूक मी केली. फंड कंपनीला नवे युनिट काढता येत नाहीत पण लोकांना हवेत, मग जुनेच युनिट चढ्या भावाने फिरतात. नाव नको, पण मी घेतला तेव्हा आतल्या शेअरची किंमत शंभर तर बाजारात भाव ११४. पुढच्या दोन महिन्यांत आतली किंमत १०८ झाली, भाव ११२. अमेरिका वर गेली, मी खाली. घेण्याआधी आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअरची त्या वेळची किंमत बघायची, फंडाच्या साईटवर असते.

लिंबूटिंबू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कोपऱ्यातला
लिंबूटिंबूने काय लिहिलं होतं? मी चुरमुरे भरायला उठलो होतो.

मुठेकाठची
एक मिनिट. @वारजेवाली, मॅक्सम्युलर भवन? लेक जर्मन शिकतेय? कितवीत आहे आणि कशासाठी शिकतेय?

वारजेवाली
अकरावीत. जर्मनची बी वन पातळी चालू आहे. बारावीनंतर तिकडेच जायचं म्हणतेय, तिथे सरकारी विद्यापीठात फी जवळजवळ नसते म्हणून. ती एफडी खरं म्हणजे तिच्याच नावाने केली होती, म्हणून तर वाटलं की ती जरा वाढवावी.

मुठेकाठची
अगं बाई, मग हे आधी सांगायचं ना! आपण इथे निक्केई आणि नोकिया करत बसलो.
माझी भाची आत्ता तिकडे आहे. व्हिसासाठी तिथे एक अडकवलेलं खातं उघडावं लागतं, त्यात वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी भरायचे, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो. ते दर महिन्याला ९९२ असे तिला परत मिळतात. म्हणजे तुम्हाला दीड-दोन वर्षांत एकदम दहा लाखांच्या वर रुपये युरो करून लागणार आहेत. त्या पैशाला कुठल्याच देशाचा शेअर बाजार नको. चार लाख तिथेच राहू देत, मोडू नका, आणि ते महिन्याचे १० हजारपण बहुतेक तिकडेच लागतील.

निवृत्त_लेखापाल
शंभर टक्के सहमत. शिक्षणासाठी पाठवताना टीसीएसचा दर गुंतवणुकीपेक्षा खूप कमी आहे, आणि बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून पाठवले तर लागतच नाही. बाहेर पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर कारणाचा कोड भरताना गुंतवणुकीचा घातलात तर वीस टक्के. माझ्या मेहुण्याचं झालंय. काउंटरवरच्या मुलीने स्वतःच्या अंदाजाने कोड घातला, यांनी न वाचता सही केली, ऐंशी हजार वर्षभर अडकले. सही करायच्या आधी चष्मा लावा.

बिनसाखरेचा
म्हणजे शेवटी उत्तर जर्मनी. धागा संपला.

सुखी_माणसाचा_सदरा
आणि तरी युरोत थोडं आधीपासून घेऊन ठेवावं का? रुपया पडतोय म्हणता ना सगळे.

आकडेमोड
इथे ते खरंच विचार करण्यासारखं आहे. खर्च युरोत आहे, तारीख जवळपास ठरलेली आहे, तर सगळे पैसे शेवटच्या आठवड्यात एका दराने बदलण्याची जोखीम का घ्यायची. मात्र आत्ता व्हिसा नाही, प्रवेश नाही, तर शिक्षणाच्या नावाने पाठवता येणार नाही. प्रवेशपत्र आलं की दोन-तीन हप्त्यांत बदला. देश निवडायचा प्रश्न तुमच्या लेकीने सोडवलाय, तारीख तेवढी उरलीय.

वारजेवाली
काल रात्री नवरा, मी आणि लेक बसून हिशोब केला. एफडी मोडत नाही. दहातले आठ हजार तिच्या आवर्ती ठेवीत. उरलेले दोन हजार आमच्या म्हातारपणासाठी इथल्याच एका फंडात जो थोडे परदेशी शेअर बाळगतो, देश त्यांचे त्यांनी बघावेत. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, दोन हजारात कसली मांडणी आत्या, तो तर नुसता चमचा झाला.
@मुठेकाठची, भाचीने ते खातं कुठून उघडलं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आणि तिकडे कुकर मिळतो का, का इथूनच न्यायचा?

मुठेकाठची
व्यनि केलाय. कुकर इथूनच, तीन लिटरचा. जादा शिट्टी आणि गॅस्केट विसरू नका.